अडकलेली पुंगळी

हत्यारं दुरुस्त करण्याच्या वर्कशॉपमध्ये किस्से फार साठतात, आणि त्याचं कारण साधं आहे. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण दोन गोष्टी घेऊन येतो. एक बिघडलेलं हत्यार आणि दुसरी, ते आपल्या हातून कसं बिघडलेलं नाही याची हकिकत. हत्यार नीट होऊन परत जातं. हकिकत आमच्याकडेच राहते. कपाटात सुटे पार्ट कमी पडतील एक वेळ, हकिकती कमी पडायच्या नाहीत.

आमचं वर्कशॉप म्हणजे नंदुरबारला पोलीस मुख्यालयाच्या मागे, कडुनिंबाखाली असलेली पत्र्याची एक लांबट खोली. माणसं तीन. गिरासे आप्पा हे मुख्य आर्मोरर. पोलिसांची पिस्तुलं, रायफली उघडायच्या, तपासायच्या आणि पुन्हा जोडायच्या, हे त्यांचं काम. दुसरा सॅम्युअल गावित, नवापूरकडचा. आम्ही त्याला सॅम म्हणतो. मनात आलेली गोष्ट तोंडात अडवून ठेवणं त्याला आजवर जमलेलं नाही. तिसरा मी, भटू. मी कमी बोलतो असं मी म्हणतो, ते दोघं म्हणत नाहीत.

आता सांगतोय ते किस्से बहुतेक एकाच हंगामात निघालेले. त्या हंगामात पावरा मॅडमचं पिस्तूल सारखं आमच्याकडे येत होतं. मॅडम म्हणजे सब-इन्स्पेक्टर, तोरणमाळच्या पायथ्याच्या गावातल्या. तक्रार एकच, पुंगळी अडकते. गोळी सुटून गेली की मागे पितळेचं रिकामं नळकांडं उरतं, ती पुंगळी. ती पिस्तुलातून आपोआप बाहेर फेकली जायला हवी, तरच पुढची गोळी जागेवर येते. ती अडकली की पिस्तूल म्हणजे हातातलं नुसतं लोखंड.

मॅडमचं म्हणणं होतं, मला आता हे पिस्तूलच नको. वार्षिक फायरिंगच्या आधी जमा करून घ्या. जमा करून घेतलं असतं तर त्यांचं ठाण्यातलं काम सुटलं असतं आणि त्या कुठल्या तरी टेबलामागे गेल्या असत्या. ठाण्यातली नोकरी त्यांनी किती हौसेनं मागून घेतली होती ते आम्हाला माहीत होतं. आप्पा काही पिस्तूल जमा करून घ्यायला तयार नव्हते. "अजून एक पार्ट बदलून पाहू," एवढंच म्हणायचे.

* * *

सुरुवात झाली सारंगखेड्याला, घोड्यांच्या यात्रेत.

यात्रेच्या बंदोबस्ताला माणसं कमी पडतात, म्हणून आम्हा वर्कशॉपवाल्यांच्या हातातही काठी देतात. मी पावरा मॅडमच्या हाताखाली होतो. दुपारची वेळ. तापीच्या बाजूला ट्रकमधून घोडे उतरवणं चाललं होतं. एक काळाभोर घोडा फळीवरून उतरत असताना फळी सरकली, आणि त्याचा पुढचा पाय फळी आणि ट्रकच्या मधे सापडला. आवाज मला अजून आठवतो. पाय गुडघ्याखाली पार मोडला होता, हाड दिसत होतं.

घोड्याचा मालक धनजीभाई, तापीकाठच्या गावातला, केळी आणि ऊस करणारा शेतकरी. घोडा विकायला आणलाच नव्हता, नुसता मिरवायला आणला होता. आमच्या भागात अशी माणसं पुष्कळ आहेत, वर्षभर जनावराला बदाम चारायचे आणि यात्रेत चार लोकांनी मान हलवली की वर्ष फिटलं. जनावरांचे डॉक्टर त्या वेळी दुसऱ्या गावाला गेले होते. फोनवर त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं, हा पाय जुळणार नाही, मला पोचायला वेळ लागेल, आणि तोवर ते जनावर नुसतं भोगत राहील.

धनजीभाईंनी मॅडमपुढे हात जोडले. म्हणाले, "मॅडम, सोडवा त्याले."

मॅडमनी वरिष्ठांना फोन करून परवानगी घेतली. लोकांना लांब सारलं. मागे मातीचा उंच बांध आहे ना, ते बघून घेतलं. डोंगरातल्या घरात जनावरांमध्ये वाढलेली बाई, तिला हे काय असतं ते कळत होतं. घोड्याच्या तोंडचा दोर मी धरला. मालकानं धरायचा म्हणून मी वळून पाहिलं, तर धनजीभाई उपरणं तोंडाला लावून ट्रकच्या पलीकडे निघाले होते.

मॅडमनी पहिली गोळी घातली. घोडा हलला म्हणा, काय म्हणा, ती बसायला हवी तिथं बसली नाही. त्यांनी लगेच पुन्हा चाप ओढला. काहीच नाही. पुंगळी अर्धी बाहेर, अर्धी आत, बाहेर पडायच्या तोंडाशी उभी अडकलेली. त्यांनी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढली, पुंगळी निघेना. गोळ्यांचं मॅगझिन काढायला गेल्या तर ते वाळूत पडलं. तेवढा वेळ घोडा मान उचलून त्यांच्याकडे पाहत होता. मी नोकरीत अपघात पाहिलेत, पंचनामे पाहिलेत, नदीतून काढलेली माणसं पाहिली आहेत. ते पाहणं मात्र मला सोसलं नाही. मी डोळे मिटून घेतले होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

शेवटी पुंगळी निघाली आणि दुसरी गोळी गेली. दोर माझ्या हातात ढिला पडला.

मॅडमनी पिस्तूल कमरेला लावलंच नाही. माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "भटूभाऊ, हे तुम्ही घेऊन जा." आणि पुन्हा गर्दी हटवायच्या कामाला लागल्या.

* * *

आप्पांनी पिस्तूल उघडलं आणि भिंगाखाली धरलं. दोष तिथंच सापडला.

गोळी सुटली की पुंगळीच्या काठाला धरून तिला मागे ओढणारा एक छोटा आकडा असतो. कागदावर त्याला एक्स्ट्रॅक्टर म्हणतात. आप्पा त्याला आकडी म्हणतात, चिंचा पाडायच्या काठीला असते तशी. मॅडमच्या पिस्तुलातल्या आकडीचं टोक झिजून त्याचा कणभर तुकडा उडाला होता. पुंगळी धरायची आणि मधेच सोडून द्यायची. आप्पांनी आकडी नवी घातली, तिची स्प्रिंगही नवी घातली, आणि मॅडमना बोलावून जुनी आकडी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"हे बघा," ते म्हणाले. मॅडमशी ते ठेवणीतलं मराठी बोलतात. "दोष याचा. तुमचा नाही."

मॅडमनी मान डोलावली. आकडी परत दिली. आम्हाला वाटलं, मिटलं.

गावाबाहेर टेकडीखाली आमचं फायरिंगचं मैदान आहे. तिथं आप्पांनी आधी स्वतः गोळ्या झाडल्या. पिस्तूल शिवणयंत्रासारखं चाललं. मग मॅडमच्या हातात दिलं. पहिल्याच गोळीला पुंगळी उभी अडकली. आप्पांनी ते परत घेतलं, झाडलं, ठीक. पुन्हा मॅडमच्या हातात दिलं, पुन्हा अडकली.

सॅमनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या पायावर पाय दिला. आप्पा म्हणाले, "स्लाइडची मोठी स्प्रिंग कमजोर वाटते. बदलू."

ती स्प्रिंग कमजोर नव्हती. मीच तपासली होती.

* * *

स्प्रिंग बदलायला काही वेळ लागत नाही. आप्पांनी त्याला अर्धी दुपार लावली. मॅडम समोर स्टुलावर बसून होत्या. आप्पांनी तोरणमाळच्या हवालदाराचा किस्सा काढला.

हा हवालदार सपाटीवरचा, शहाद्याकडचा. थंडीत त्याची ड्युटी वर तोरणमाळला लागली. तिथं पहाटे काय गारठा असतो ते मॅडमना सांगायची गरज नव्हती. महिनाभरानं हवालदार पिस्तूल घेऊन खाली आला. म्हणे, स्लाइड हलत नाही, आकडी जाम, सगळं बदलून द्या. आप्पांनी पिस्तूल उघडलं तर आत सगळीकडे पांढरं पांढरं साचलेलं. वासही ओळखीचा. खोबरेल तेल! सरकारी तेल संपलं म्हणून यानं घरचं घातलं, आणि वरच्या थंडीत ते थिजून बसलं.

आप्पांनी एकही पार्ट बदलला नाही. पिस्तूल उघडून खिडकीत उन्हाला ठेवलं, हवालदाराला चहा पाजला, चहा होईस्तोवर तेल वितळून खालच्या कागदावर उतरलं. हवालदार ओशाळला. म्हणाला, "आप्पा, डोकाले लावस तेच लावं. चांगलं तेल शे."

आप्पांनी त्याला विचारलं, "मंग डोकं नही थिजनं का तुन्हं?"

मॅडम हसल्या. सारंगखेड्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे थंडीत बाटली चुलीजवळ ठेवतात. आप्पांनी लगेच सांगितलं, त्यालाही हेच सांगितलं होतं, तर तो विचारतो पिस्तूल चुलीजवळ ठेवू का.

दुसऱ्या दिवशी नवी स्प्रिंग घातलेलं पिस्तूल मॅडमनी मैदानावर चालवलं. अडकलं. त्यांनी ते माझ्या हातात दिलं तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे पाहायचं टाळलं.

* * *

पुढचा पार्ट इजेक्टर. आकडी पुंगळीला मागे ओढते आणि इजेक्टर तिला ठोसा मारून बाहेर उडवतो. त्याला काहीही झालेलं नव्हतं. आप्पांनी तोही बदलायला काढला. या वेळी किस्सा सॅमनं सांगितला, कारण तो त्याचा स्वतःचा आहे.

दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रपूजा असते. सगळी हत्यारं स्वच्छ करून टेबलावर पांढऱ्या चादरीवर मांडायची, हळदकुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या. त्या वर्षी आप्पांच्या घरी सुतक होतं. मी बंदोबस्ताला. राहिला सॅम. सॅम रविवारी चर्चला जाणारा माणूस, पण काम आलं तर मागे हटणारा नाही. त्यानं आप्पांना फोन करून सगळं विचारून घेतलं आणि मनापासून पूजा केली. कमी पडायला नको म्हणून पिस्तुलांच्या स्लाइड मागे ओढून, उघडून मांडली, आणि आतल्या भागालाही कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. आपल्या हातून देवाचं काही राहिलं असं कोणी म्हणायला नको, हा त्याचा विचार.

दसऱ्यानंतर एका साहेबांची फायरिंग होती. नव्यानं बदलून आलेले साहेब. तिसऱ्या गोळीला पुंगळी अडकली. त्यांनी पिस्तूल आमच्या टेबलावर आणून ठेवलं आणि सांगितलं, हे हत्यार कंडम आहे, मला दुसरं द्या. आप्पा नव्हते, म्हणून सॅमनं ते उघडलं. चिमट्यानं आकडीखालून तांदळाचा एक दाणा काढला, कुंकवानं लाल झालेला. साहेब बघत होते. सॅमनं दाणा उजेडात धरला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "साहेब, हा पिस्तुलात परत ठेवायचा का काढला तरी चालेल?"

साहेबांनी बराच वेळ विचार केला. खरंच केला! मग म्हणाले, "आप्पांना विचार."

तेव्हापासून आमच्याकडे पूजा फक्त मुठीची होते, आणि स्लाइड बंद. मॅडमनी विचारलं, मग दाण्याचं काय केलंत? सॅम म्हणाला, कडुनिंबाखाली टाकला, चिमणीनं नेला.

इजेक्टर बदलला. मैदानावर जाऊन आलो. काय झालं ते सांगत नाही, मॅडम परत येताना गाडीत पिस्तुलापासून लांब, खिडकीला टेकून बसल्या.

* * *

मधे एक दिवस मॅडम वर्कशॉपमध्ये बसल्या असताना दोन सब-इन्स्पेक्टर पाठोपाठ आले. दोघे एका बॅचचे, एका ठाण्याचे, शेजारी शेजारी राहणारे. दोघांचीही तक्रार तीच, पुंगळी नीट उडत नाही. पहिला म्हणाला, मी पिस्तुलाची लेकरासारखी काळजी घेतो. दुसराही तेच म्हणाला, फक्त त्यानं मॅच बघतानासुद्धा पिस्तूल साफ करतो अशी भर घातली.

आप्पांनी विचारलं, मॅच कुठं बघितली. दुसरा म्हणाला, याच्या घरी. साफ कुठं केलं? तिथंच, एका वर्तमानपत्रावर दोघांनी मिळून.

आप्पांनी दोन्ही पिस्तुलं उघडली. पार्टांवर त्या त्या पिस्तुलाच्या नंबरचे शेवटचे आकडे कोरलेले असतात. याची आकडी त्याच्यात आणि त्याची याच्यात. नवं काहीच लागलं नाही. आप्पांनी आकड्या बदलून दोघांच्या हातात पिस्तुलं दिली आणि म्हणाले, "दोन वरातीसना नवरदेव बदली गया व्हतात. लई जा आपापला."

दोघे खाली मान घालून गेले. पहिला मात्र दारातून परत आला आणि हळूच म्हणाला, "आप्पा, खरं सांगू, त्याची आकडी माझ्यात थोडी बरी चालत होती."

आम्ही तिघं हसलो. मॅडम हसल्या नाहीत. त्या आपल्या पिस्तुलाकडे बघत होत्या, जणू काही त्याच्यात कुणा दुसऱ्याचं काही राहिलं असेल तर सापडावं.

* * *

मग सॅमचं तोंड सुटलं.

वार्षिक फायरिंग आठवड्यावर आली होती. आप्पांनी पिस्तुलाची नळी बदलायचा विषय काढला. सॅम स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून म्हणाला, "मॅडम, राग येऊ देऊ नका. आकडी बदलली, दोन्ही स्प्रिंगा बदलल्या, इजेक्टर बदलला, मॅगझिन बदललं. पिस्तूल आता जुनं राहिलंच नाही. ते तुमच्या हातात अडकतं कारण तुमचं मनगट ढिलं पडतं. गोळी सुटायच्या आधीच."

यात चूक काही नव्हती. गोळी सुटते तेव्हा स्लाइड जोरात मागे जाते, आणि तेव्हा मागे हात घट्ट हवा. हातच मागे गेला तर स्लाइड अर्ध्यातच थांबते आणि बाहेर पडू पाहणारी पुंगळी तोंडात चिमटीत सापडते. आम्हा तिघांनाही हे पहिल्या दिवशी मैदानावर कळलं होतं. पण कळलेलं सगळं बोलायचं असतं का? मला सॅमचा इतका राग आला की मी उठून दाराशी गेलो.

आप्पा शांतपणे म्हणाले, "सॅम, हात बी एक पार्टच शे. पन तो मन्हा कपाटमा नही."

मॅडम म्हणाल्या, "राहू द्या आप्पा. मला माहीत होतं."

"मग रोज येता कशाला?" सॅमनं विचारलं. मी म्हटलं ना, त्याला जमत नाही.

मॅडमनी स्टूल पुढे ओढलं. मग म्हणाल्या, "बाकी सगळे मला त्या घोड्याचं विचारतात. तुम्ही लोक तेलाचं आणि तांदळाचं सांगता." पुढचं त्या टेबलाकडे बघून बोलल्या. "मी तेव्हा पिस्तुलाकडे बघत होते. तो माझ्याकडे बघत होता. चाप ओढताना दर वेळी वाटतं की आता परत तसंच होणार. आणि हात सुटतो. मी खूप प्रयत्न केला. तुम्ही पिस्तूल जमा करून घ्या, आप्पा. वाईट नका वाटून घेऊ."

आप्पांना त्या दिवशी एकही किस्सा सुचला नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि म्हणाले की सोमवारी सरावाला शेवटचं या, मंगळवारी मी स्वतः कागद करतो. मॅडम हो म्हणून गेल्या. सॅम दिवसभर एकच स्क्रू घासत बसला, आणि मला त्याची कीव आली, कारण तो बोलला ते खरं होतं आणि आम्ही दोघं बोललो नाही ते फक्त भित्रेपणानं.

त्या रविवारी आप्पा सासरवाडीला जाऊन आले. त्यांची सासरवाडी तापीकाठी आहे. नंतर मी पुष्कळदा विचारलं, तिथं कुणाला भेटलात. आप्पा म्हणतात, सासऱ्याला.

* * *

सोमवारी मैदानावर आम्ही चौघंच होतो. मॅडम पिस्तूल घेऊन जागेवर उभ्या राहत होत्या तेवढ्यात टेकडीच्या बाजूनं मोटारसायकल आली. मागे केळीचा घड बांधलेला. धनजीभाई उतरले. मैदानावर बाहेरच्या माणसाला मनाई आहे, तशी पाटीच आहे. आप्पांनी त्यांना येताना पाहिलं आणि मॅगझिनं पुसायला बसले.

धनजीभाई वाळले होते. टोपी हातात घेऊन ते मॅडमपुढे येऊन उभे राहिले. म्हणाले, तुम्हाला एक सांगायचं राहिलं होतं. मग जे पाठ करून आले असावेत ते बोलले.

"मॅडम, तो पहिलीच गोळीमा गया व्हता. नंतर ते नुसतं आंग हाली ऱ्हायंतं. त्यानं डोकं मी धरेल व्हतं. माले समजनं."

 दोर कुणी धरला होता ते मला माहीत होतं. मी सॅमकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा सॅमनं तोंड मिटून ठेवलेलं पाहिलं.

मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही तिथं नव्हता. तुम्ही ट्रकच्या पलीकडे होता."

आवाजात राग नव्हता. धनजीभाईंनी टोपी दोन्ही हातांत धरली. 

"हां," ते म्हणाले. "तठेच व्हतू. मन्हं जनावर, आनि मी पाठ फिरायी लिधी. तुम्हले एकलं सोडं." मग म्हणाले, "म्हनीसन आज उनू." त्यासाठीच ते आले होते.

मॅडमनी पिस्तूल जमिनीकडे वळवलं. मग त्यांनी विचारलं, "थांबणार आहात?"

"तुम्ही सांगशात तठे उभा ऱ्हासू."

मॅडमनी बोटानं जागा दाखवली. स्वतःच्या उजव्या अंगाला, एक पाऊल मागे. आप्पा उठून पुढे आले आणि धनजीभाईंना म्हणाले, तिथं नको, पुंगळी त्याच बाजूला उडते, गरम असते, अंगावर येईल. मी तिकडे नेतो, लांबून बघा.

"येऊ द्या," धनजीभाई म्हणाले, आणि टोपी घालून त्या जागेवर जाऊन उभे राहिले.

आप्पा मागे सरकले. मॅडमनी दोन्ही हातांनी पिस्तूल उचललं, श्वास घेतला, आणि चाप ओढला. आवाज झाला तसे धनजीभाई सगळ्या अंगानं दचकले. पुंगळी त्यांच्या खांद्यावर आपटून खाली पडली. त्यांनी ना खांदा झटकला, ना तोंड वळवलं.

दुसरीही त्यांच्याच सदऱ्यावर येऊन आदळली.